नगरकेंद्रांचा आर्थिक ऱ्हास व पुनरुज्जीवन : ठाणे आणि कल्याण-डोंबिवली

बाजारपेठ, शासकीय कचेऱ्या, न्यायालये, पेढ्या, ग्रंथालये व करमणुकीची ठिकाणे परंपरेने ज्या भागात एकवटलेली असतात आणि शहराच्या इतर भागांतील रहिवाशांना काही ना काही कामासाठी जेथे यावेच लागते, त्या भागास नगरकेंद्र म्हणतात. या भागातील व्यापाराचा दर्जा, रोजगार व इमारतींची निगा यांत दीर्घकाळ घट होत गेली, तर तो नगरकेंद्राचा आर्थिक ऱ्हास होय. मुंबईच्या ईशान्येस मध्य रेल्वेच्या मार्गावर वसलेल्या ठाणे (मुंबईपासून ३४ किमी.), डोंबिवली (४८ किमी.) व कल्याण (५४ किमी.) या तीन शहरांत या ऱ्हासाचा एक निराळा प्रकार पहावयास मिळतो. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १८,४१,४८८ व कल्याण-डोंबिवलीची १२,४७,३२७ होती. येथील केंद्रे ओस पडलेली नाहीत. सायंकाळी सात वाजता ठाण्याच्या स्टेशन रस्त्यावर किंवा कल्याणच्या शिवाजी चौकात पाऊल ठेवण्यास जागा नसते. माणसांची वर्दळ वाढत असताना पेठ मात्र खालावत जाणे, हे या ऱ्हासाचे खास लक्षण आहे.

पश्चिमी देशांतील नगरशास्त्रात ऱ्हासाची कल्पना प्रामुख्याने रिकामपणाशी निगडित आहे. शिकागो शहराच्या अभ्यासावरून अर्नेस्ट बर्जेस याने १९२५ मध्ये मांडलेल्या समकेंद्री वलयांच्या सिद्धांतात केंद्राभोवतीच्या जीर्ण पट्ट्यातून सुस्थितीतील कुटुंबे बाहेरच्या वलयांत सरकत जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारगाडी व उपनगरी घरे यांमुळे ही गती वाढली आणि डिट्रॉइटसारख्या शहरांची केंद्रे उजाड झाली. ब्रिटनमध्ये १९७८ चा शहरांतर्गत क्षेत्रविषयक कायदा झाला आणि १९८१ मध्ये लंडन व लिव्हरपूल येथील पडीक गोद्यांच्या विकासासाठी स्वतंत्र महामंडळे नेमण्यात आली. गेलेली माणसे व गेलेले भांडवल परत आणणे, हा त्या प्रयत्नांचा हेतू होता. ठाणे-कल्याण पट्ट्यात माणसे गेलेलीच नाहीत. त्यामुळे ते उपाय येथे जसेच्या तसे लागू करणे व्यर्थ ठरते. येथील प्रश्न आलेल्या माणसाने पेठेत थांबावे कसे, हा आहे.

जडणघडण : तिन्ही केंद्रांचा पूर्वेतिहास भिन्न आहे. ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी; ‘श्रीस्थानक’ या नावाने तिचे उल्लेख येतात. मार्को पोलोच्या वृत्तांतातही या ठिकाणाची नोंद आहे. सांप्रतच्या केंद्राचा आराखडा मात्र अठराव्या शतकातील होय. पोर्तुगीजांनी सु. १७३० मध्ये बांधावयास घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी व १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. त्यात पुढे तुरुंग झाला व तो आजही तेथेच आहे. मराठी अमदानीत मासुंदा तलावाकाठच्या कौपिनेश्वर मंदिराची उभारणी झाली. किल्ला, तलाव व मंदिर या त्रिकोणात जांभळी नाक्याची पेठ वाढली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पेठेच्या दक्षिणेस शहराचे दुसरे प्रवेशद्वार तयार झाले. १८६३ मध्ये नगरपालिका स्थापन झाली (महानगरपालिका १९८२). स्थानक आणि जांभळी नाका यांना जोडणारे रस्ते हाच तेव्हापासून ठाण्याच्या व्यापाराचा कणा राहिला.

कल्याणने एक ऱ्हास याआधीच पाहिलेला आहे. ⇨ पेरिप्लस ग्रंथात उल्लेखिलेले आणि कान्हेरीच्या शिलालेखांत ज्याच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत, ते हे बंदर. जुन्नरकडून नाणेघाटाने उतरणारा माल येथे उल्हास नदीच्या खाडीत पोहोचे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी काबीज केली आणि दुर्गाडीच्या परिसरात मराठी आरमाराचा आरंभ झाला. खाडी गाळाने भरत गेली आणि सागरी व्यापार मुंबईकडे वळला, तेव्हा वायव्येकडील दुर्गाडी व रेतीबंदर या बाजूचे महत्त्व ओसरले. १८५४ मध्ये लोहमार्ग आला. पुढे एक फाटा थळ घाटाकडे व दुसरा बोर घाटाकडे गेल्याने कल्याण हे मोठे जंक्शन बनले. गावाचे तोंड जणू खाडीकडून रुळांकडे फिरले. पारनाका, टिळक चौक, गांधी चौक या जुन्या वस्तीचा भाग मध्ये राहिला. तो ना बंदर, ना स्थानक. तरीही भाताच्या व्यापारावर तो शंभर वर्षे तग धरून होता.

डोंबिवलीस जुनी पेठच नव्हती. मुंबईतील चाळींतून घर शोधत आलेल्या मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाव वाढविले. पूर्वेस फडके रस्ता, गणेश मंदिर व टिळकनगर यांच्या आसपास जे केंद्र तयार झाले, ते स्थानकापासून पायी घरी जाणाऱ्यांच्या वाटेवरचे केंद्र होते. १९८३ मध्ये कल्याण व डोंबिवली एका महानगरपालिकेखाली आली.

ऱ्हासाची कारणे : या तिन्ही शहरांतील बहुसंख्य पगारदार मुंबईत कमावतात. कमाईचे ठिकाण व राहण्याचे ठिकाण यांत तीस ते पन्नास किमी. अंतर पडले, की मधल्या केंद्राचे काम बदलते. दुपारच्या वेळी कचेरीतून जेवावयास, छापखान्यात, वकिलाकडे वा पेढीत जाणारा ग्राहक तेथे फारसा नसतो. सकाळी घाईत असलेला व सायंकाळी थकलेला, असा तो दोनदाच केंद्रातून जातो. भाजी, फळे, औषध, एखादी वही, मुलासाठी खाऊ अशी लहान खरेदी तो करतो. विचार करून करावयाची खरेदी रविवारसाठी राखून ठेवतो, आणि रविवारी तो स्थानकाकडे फिरकत नाही. म्हणून स्थानकालगतच्या गाळ्यांतून घड्याळजी, शिंपी, पुस्तकविक्रेते, भांड्यांचे व्यापारी हळूहळू निघून जातात आणि त्यांच्या जागी भ्रमणध्वनीचे सुटे भाग, स्वस्त कपडे व खाद्यपदार्थ यांची दुकाने येतात. गाळ्याची किंमत चढत जाते. गाळ्यातील धंद्याचा कस मात्र उतरतो. केवळ जागांच्या किमती पाहून या पेठा भरभराटीत आहेत, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे आहे.

स्थानिक कारखाने चालू होते, तोवर या प्रवाहास एक प्रतिप्रवाह होता. ठाण्याच्या वागळे औद्योगिक वसाहतीत १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ झाला. पोखरण रस्त्यावरील रेमंड, कोळशेतकडील रासायनिक कारखाने आणि कल्याणजवळ मोहने येथील नॅशनल रेयॉन यांच्या कामगारांचा पगार स्थानिक पेठेत खर्च होई. महिन्याच्या ७ ते १० तारखांना किराणा व कापड दुकानदारांची जी धांदल उडे, ती या पगाराची. रेमंडचा ठाण्यातील कारखाना व नॅशनल रेयॉन ही दोन्ही २००९ मध्ये बंद पडली; नॅशनल रेयॉनच्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर अनेक वर्षे रेंगाळला. शहरी जमीनधारणा कमाल मर्यादा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाल्यावर कारखान्यांच्या जमिनी घरबांधणीकडे वळणे सुकर झाले. रेमंडच्या व कोळशेत येथील क्लॅरियंटच्या जमिनीवर आज मोठी गृहसंकुले आहेत. कामगार गेला व त्या जागी अधिक ऐपतीचा रहिवासी आला. पण तो जुन्या पेठेचा ग्राहक झाला नाही.

याचे कारण भूगोलात आहे. ठाण्याची नवी वस्ती घोडबंदर रस्त्याच्या कडेने उत्तरेस पसरली. तेथील कुटुंबास जांभळी नाक्यापर्यंत यावयाचे, तर वाहन लावण्यास जागा नाही आणि सार्वजनिक बसचा प्रवास वेळखाऊ. दरम्यान २००९ मध्ये कोरम व २०१३ मध्ये विवियाना ही वातानुकूलित व्यापारसंकुले द्रुतगती महामार्गालगत उघडली (विवियानाचे नाव पुढे बदलले). कल्याणात खडकपाडा-आधारवाडी बाजूस आणि डोंबिवलीच्या दक्षिणेस कल्याण-शीळ मार्गावर हेच घडले. तेथे पलावासारखी स्वयंपूर्ण म्हणविणारी वसाहत स्वतःचा बाजार घेऊनच आली. 

घाऊक व्यापाराच्या स्थलांतरामागे करपद्धती होती, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. महानगरपालिकेच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात द्यावी लागे. शेजारच्या भिवंडी तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या हद्दीत ती नव्हती. तेव्हा व्यापाऱ्याने गोदाम भिवंडीस व गादी ठाणे-कल्याणास ठेवणे स्वाभाविक होते; आणि गोदाम गेले, की काही वर्षांनी गादीही जाते. कल्याण-डोंबिवलीत २०१० मध्ये व ठाण्यात २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला. कारण नाहीसे झाले, तरी परिणाम उलटला नाही. भिवंडीच्या गोदामांनी तोवर स्वतःचे मजूर, मालमोटारी व दलाल यांचे जाळे विणले होते. कल्याणच्या बाबतीत शेजारच्या उल्हासनगराचीही भर पडली. महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला हे नाव मिळाले. कापड व लाकडी सामान यांच्या खरेदीसाठी आसपासची गावे कल्याणऐवजी तेथे जाऊ लागली.

ठाण्याच्या केंद्राला आणखी एक धक्का १ ऑगस्ट २०१४ रोजी बसला. त्या दिवशी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पंधरापैकी आठ तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. डहाणू, जव्हार, मोखाड्याच्या माणसाला दाखल्यासाठी वा दाव्यासाठी ठाण्यास येण्याचे कारण उरले नाही. त्या तालुक्यांतील जनतेच्या दृष्टीने ही इष्टच घटना होती, कारण मोखाड्याहून ठाणे हा पूर्ण दिवसाचा प्रवास होता. परंतु कोर्ट नाक्याभोवतीचे टंकलेखक, मुद्रांकविक्रेते, खाणावळी व लहान लॉज यांची मिळकत या येणाऱ्यांवरही अवलंबून होती.

भाडे व जीर्ण इमारती : वरील कारणे बाहेरची आहेत. आतून केंद्र पोखरले ते भाडेनियंत्रणाने. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीवर बांधले गेले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूस संरक्षण देणे आवश्यकच होते. पण तात्पुरता म्हणून केलेला हा बंदोबस्त अर्धे शतक टिकला. भाडे दुरुस्तीच्या खर्चासही पुरेना, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरू जागा सोडीना, कारण तशी जागा त्याला दुसरीकडे परवडणारी नव्हती. जागेचे खरे मोल पागडीच्या रूपाने हस्तांतराच्या वेळी वसूल होऊ लागले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने (अंमल ३१ मार्च २००० पासून) वार्षिक ४ टक्के वाढ मान्य केली व पागडीला कायदेशीर रूप दिले. त्याचबरोबर बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाड्याच्या संरक्षणातून वगळले. तत्त्वतः हे योग्य होते. परंतु जुन्या इमारतीत नाममात्र भाड्याने असलेल्या पेढीस बाजारभाव द्यावयाचाच, तर तो वाहनतळ असलेल्या नव्या इमारतीत का देऊ नये, असा विचार तिने केला तर नवल नाही. 

मुंबई शहराशी तुलना केली, म्हणजे या प्रश्नाची तीव्रता कळते. तेथील उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले. इमारत कोसळली वा पाडली, तर संक्रमण शिबिरात जागा मिळण्याचा मार्ग भाडेकरूपुढे असतो. तो अपुरा आहे, पण आहे. ठाणे वा कल्याणच्या वाड्यात तीन पिढ्या राहिलेल्या भाडेकरूला ही व्यवस्था लागू नाही. महानगरपालिकेने इमारत अतिधोकादायक ठरविली, की घर रिकामे करण्याची नोटीस येते. पुढे कोठे जावयाचे, हे ज्याचे त्याने पाहावयाचे. परतण्याची हमी हातात नसल्याने लोक मृत्यूचा धोका पत्करून तेथेच राहतात. जुलै २०१५ च्या अखेरीस ठाकुर्लीत इमारत कोसळून ९ व त्यानंतर आठवड्याच्या आतच, ४ ऑगस्ट रोजी, ठाण्याच्या नौपाडा भागात १२ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. यापूर्वी ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथे ७४ बळी घेणारी इमारत ही जुनी नसून अनधिकृत व बांधकाम चालू असलेली होती. दोन्ही प्रकारच्या दुर्घटनांची चर्चा नेहमी एकत्र केली जाते, तथापि त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे असावयास हवेत.

टिकून असलेले : ऱ्हासाचे हे चित्र सरसकट नाही. ठाण्यात गोखले रस्ता व राममारुती रस्ता हा नौपाड्याचा भाग स्थानकापासून जवळच असूनही चांगला टिकून आहे. येथे आजूबाजूस स्थिर, शिक्षित वस्ती आहे आणि दुकानापर्यंत चालत येता येते. कपडे, दागिने व मिठाई यांची खरेदी अद्याप येथे होते. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहाटे जमणारी तरुणाई आणि तेथील गणेश मंदिराच्या पुढाकाराने १९९९ पासून निघू लागलेली गुढी पाडव्याची शोभायात्रा यांमागेही हीच पायी अंतराची वस्ती आहे. सांस्कृतिक संस्थांनी केंद्र सोडलेले नाही : ठाण्याचे नगर वाचन मंदिर (१८५०), वि. ल. भावे यांनी स्थापन केलेले मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) व मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन (१९७८) ही त्यांची उदाहरणे होत. ग्रंथालयात येणारा वाचक तास-दोन तास थांबतो. अर्थशास्त्रज्ञ ज्याचा हिशेब ठेवीत नाहीत, असा हा केंद्राचा ठेवा आहे.

पदपथावरील व्यापार : फेरीवाल्यांनी पेठ बुडविली, अशी तक्रार दुकानदार नेहमी करतात. ती अर्धीच खरी आहे. दुकानापुढील वाट अडली, की ग्राहक आत येत नाही, हे उघड आहे. पण घाईतल्या प्रवाशाला हवी ती लहान खरेदी फेरीवाला दुकानापेक्षा कमी खर्चात पुरवितो, म्हणून तो तेथे आहे. आणि अनेक दुकानदार आपल्या दुकानापुढील जागेचे पैसे त्याच्याकडून घेतात, हेही पेठेत सर्वांना ठाऊक असते. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याने सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती व विक्रीक्षेत्रे यांची तरतूद केली. एल्फिन्स्टन रोड स्थानकातील २९ सप्टेंबर २०१७ च्या चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत विक्रीस मनाई केली. कायद्यातील विक्रीक्षेत्रे आखण्याचे काम रेंगाळले आणि मनाई तेवढी उरली. परिणामी पथारी उचलणे व पुन्हा मांडणे हा नित्यक्रम झाला. कल्याण स्थानकाबाहेर पादचाऱ्यांसाठी बांधलेला स्कायवॉकही वेळोवेळी बाजार बनला. जेथून माणसे जातात तेथे विक्री होणारच. तिला मोजकी जागा आखून देणे, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न : आजवरचे बहुतेक प्रयत्न वाहतुकीचे आहेत. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर ‘सॅटिस’ नावाने ओळखला जाणारा उन्नत मार्ग बांधून बस वर व रिक्षा खाली अशी विभागणी करण्यात आली. सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची केंद्र शासनाच्या स्मार्ट सिटी अभियानासाठी निवड झाली. स्थानक परिसराची सुधारणा, तलावांचे सुशोभीकरण ही त्यातील प्रमुख कामे. अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. या कामांनी गर्दी लवकर वाहून जाऊ लागली, हे मान्य करावे लागेल. परंतु गर्दी लवकर निघून जाणे व पेठ सुधारणे या परस्परांहून भिन्न, क्वचित परस्परविरोधी गोष्टी आहेत.

डोंबिवलीतील कोपर पूल दुरुस्तीसाठी २०१९ ते २०२१ या काळात बंद होता. शहराच्या पूर्व व पश्चिम भागांना वाहनाने जोडणारा हा महत्त्वाचा दुवा तुटला, म्हणजे रुळांच्या दोन बाजूंच्या पेठा परस्परांपासून किती दूर आहेत, हे ध्यानात आले.

समूह विकास योजना : सर्वांत दूरगामी उपाय म्हणून समूह विकास योजनेकडे पाहिले जाते. २०१३ च्या शीळ दुर्घटनेनंतर तिच्या मागणीस जोर आला. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अशा योजनेसाठी किमान १०,००० चौ. मी. क्षेत्र व ४ पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक यांची तरतूद आहे. तिचे गणित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १०,००० चौ. मी. जागेवर आज १५,००० चौ. मी. बांधकाम आहे. निर्देशांक ४ मिळाल्यास ४०,००० चौ. मी. बांधता येते. त्यांतील १५,००० जुने रहिवासी व गाळेधारक यांना विनामूल्य द्यावयाचे; उरलेल्या २५,००० च्या विक्रीतून संपूर्ण ४०,००० चा बांधकाम-खर्च, मधल्या काळातील भाडे व विकासकाचा नफा निघाला पाहिजे. विक्रीचा दर चढा असेल, तरच हे जमते. म्हणजे केंद्राचे पुनरुज्जीवन घरांच्या चढ्या दरावर अवलंबून राहते आणि ज्यांना तो दर परवडत नाही, त्यांच्याच नावाने ते केले जाते.

जुन्या केंद्रात हे गणित आणखी अवघड होते. ठाण्यातील पहिल्या समूह योजनेचे भूमिपूजन जून २०२३ मध्ये वागळे परिसरातील किसननगर येथे झाले, जांभळी नाक्यावर नव्हे. किसननगरात घनदाट वस्ती आहे. पेठेत मात्र शे-दीडशे चौ. मी.चे वाडे, प्रत्येकाचे वेगळे मालक, वारसांचे दावे, वर भाडेकरू व खाली पागडीचे गाळे असा गुंता आहे. १०,००० चौ. मी. जमविण्यास अशी सु. सत्तर ते शंभर मिळकतपत्रे एकत्र करावी लागतील.

दुकानदाराची अडचण रहिवाशाहून वेगळी आहे. रहिवाशाला चार वर्षांनी मोठे घर मिळाले, तर तो लाभात असतो. रस्त्यालगत दहा फूट दर्शनी भाग असलेल्या दुकानदाराला तेवढ्याच क्षेत्रफळाचा गाळा पहिल्या मजल्यावर वा आतल्या बोळात मिळाला, तर त्याचा धंदा गेला असेच समजावे. क्षेत्रफळ भरून मिळते, वाटेवरची जागा नव्हे. शिवाय चार वर्षांत गिऱ्हाईक दुसरीकडे बांधले जाते. म्हणून पेठेतील समूह योजनेत दर्शनी रुंदीचे मोजमाप क्षेत्रफळाइतकेच बंधनकारक असावे व बांधकाम टप्प्याटप्प्याने व्हावे, जेणेकरून एका बाजूचे दुकान उघडल्याशिवाय दुसऱ्या बाजूचे पडणार नाही. विक्रीसाठीचे सर्व क्षेत्र घरांनाच देण्याची विकासकाची ओढ असते, कारण घर लवकर विकले जाते. त्यातील निश्चित हिस्सा कचेऱ्या, दवाखाने, शिकवणी वर्ग व लहान कारागिरीसाठी राखला नाही, तर केंद्रात आणखी काही हजार प्रवासी राहावयास येतील आणि तेही सकाळी मुंबईची गाडी पकडतील.

भवितव्य : पुढील दशकात वाहतुकीचा नकाशा पुन्हा बदलणार आहे. वडाळा-कासारवडवली मेट्रो मार्ग ठाण्यात महामार्गालगत जातो, जुन्या स्थानकाजवळून नव्हे. मनोरुग्णालयाच्या जागेवर ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यान नवे उपनगरी स्थानक उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. या दोहोंमुळे स्टेशन रस्त्यावरील भार हलका होईल. त्याबरोबर ग्राहकही विभागले जातील. याउलट केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर केलेला २९ किमी. लांबीचा, २२ स्थानकांचा वर्तुळाकार मेट्रो मार्ग घोडबंदरकडील नव्या वस्त्या व ठाणे रेल्वे स्थानक यांना जोडणार असल्याने, नव्या ठाण्यातील कुटुंबास वाहन न काढता जुन्या पेठेत येण्याची सोय प्रथमच होईल. मासुंदा तलाव, रंगायतन, कौपिनेश्वर व दोन जुनी ग्रंथालये पायी हिंडण्याच्या अंतरात आहेत. सायंकाळी काही तास हा भाग वाहनमुक्त ठेवण्याचा प्रयोग अल्प खर्चाचा आहे व तो मेट्रोची वाट न पाहता करता येण्याजोगा आहे.

कल्याणची संधी दोन दिशांना आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. हा मार्ग पूर्ण झाला, म्हणजे भिवंडीच्या गोदामांत काम करणाऱ्यांना कल्याणात राहणे व कल्याणच्या व्यापाऱ्यास भिवंडीशी दैनंदिन संबंध ठेवणे सोपे जाईल. कल्याण-ठाणे-मुंबई हा खाडीमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ म्हणून घोषित झाला आहे. त्यावर प्रवासी वाहतूक नियमित सुरू झाली, तर दुर्गाडीची बाजू पुन्हा प्रवेशद्वार होईल आणि पारनाका-टिळक चौकाचा मधला भाग दोन टोकांच्या मध्ये येईल. दुसरीकडे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने दहा गावांतील सु. १,०८९ हेक्टर क्षेत्रावर कल्याण विकास केंद्र योजिले आहे. तेथे खरोखर कचेऱ्या उभ्या राहिल्यास डोंबिवली-कल्याणच्या पगारदाराचा मुंबईचा प्रवास वाचेल. परंतु हे क्षेत्र जुन्या कल्याणपासून दूर, शीळ मार्गाच्या अंगाला आहे. तेथील कर्मचारी सायंकाळी कोणत्या पेठेतून घरी जाईल, हे त्या केंद्राकडून कल्याण व डोंबिवली स्थानकांकडे येणारी बससेवा कशी आखली जाते, यावर ठरेल.